टायगरची भाकरी बंद

दिवाळी सरली आणि तांडा रिकामा झाला. ऊसतोडीचे ट्रक येऊन उभे राहिले, त्यांत भांडीकुंडी चढली, कोंबड्यांची खुराडी चढली, लेकरं चढली, आणि दोन दिवसांत औंढा नागनाथच्या अलीकडच्या त्या माळावर राहिली ती म्हातारी माणसं, त्यांच्याकडं ठेवलेली चार-दोन लेकरं, धन्याची वाट बघत बसलेली कुत्री आणि सुनिता.

सुनिता तांड्यातल्या अंगणवाडीची बाई. तिचा नवरा देविदास राज्य राखीव पोलिसात, वर्षभर झालं गडचिरोलीच्या जंगलात बंदोबस्ताला. अकरा वर्षांची शिला वसमतच्या आश्रमशाळेत. सासू रूपाबाई दोन वर्षांमागंच गेली. तेव्हा घरात उरले तिघं: सुनिता, सासरा रामसिंग आणि टायगर.

टायगर म्हणजे अल्सेशियन कुत्रा. हिंगोलीतल्या एका साहेबाची बदली झाली, मुंबईच्या घरात कुत्रं नेता येईना, म्हणून पिल्लू असतानाच देविदासनं त्याला पोत्यात घालून मोटारसायकलवर आणलं. आणलं देविदासनं, पण ते लागलं रामसिंगच्या मागं. रामसिंग शेतात तर टायगर शेतात, रामसिंग बाजेवर तर टायगर बाजेखाली.

आणि मागल्या सालच्या श्रावणात रामसिंग बाजेवर पडला तो पडलाच. लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड एका अंगाला ओढलं. एवढा धिप्पाड माणूस. तांड्यात बोकड पडला की वाटे घालायला रामसिंगच लागायचा. चाळीस घरांचे चाळीस वाटे, आणि कुणी म्हणायचं नाही की माझ्यात हाड जास्त आलं. आता चार शब्द बोलायला त्याला भाकरी खाण्याइतका वेळ लागायचा. म्हणून त्यानं बोलणंच टाकलं.

पहिलं वर्ष पुतण्या भावसिंगनं निभावलं. सकाळी यायचा, चुलत्याला बसवायचा, धुवायचा, आंघोळ घालायचा. पण या साली त्याच्या बायकोला ऊसतोडीत जोडीला दुसरं कुणी मिळेना, तेव्हा त्यालाही कोयता घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागावं लागलं. जाताना तो दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "वैनी, होळीपस्तोर तुमीच बघा आता. माझा इलाज न्हाई."

ज्या सासऱ्यापुढं तेरा वर्षांत सुनितानं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्याच सासऱ्याचं धुणं-पुसणं असं तिच्या अंगावर आलं. पहिल्या दिवशी दोघंही मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो भिंतीकडं तोंड फिरवायचा, ती खिडकीकडं बघत हात चालवायची. मग दोघांनाही सवय झाली. सवय झाली म्हणजे लाज गेली असं नाही. लाज वाटून घ्यायला जीवच उरला नाही. पाण्याचे हंडे, चूल, म्हाताऱ्याचं शौचाचं भांडं, धोतरं, अंगणवाडीची झाडलोट, सुकडीचं वाटप, परत चूल, परत भांडं. दुपारी लेकरांना गाणं शिकवताना तिचे डोळे मिटायचे आणि लेकरंच तिला पुढची ओळ सांगायची.

त्यात टायगर खाजवायला लागला.

आधी कानामागं, मग पोटावर, मग शेपटीच्या मुळाशी. दिवसभर मागचा पाय दाराच्या पत्र्यावर आपटायचा: धड, धड, धड. महिन्याभरात पाठीवरचे केस गळाले, कातडी हत्तीसारखी काळी आणि जाड झाली, कानांतून आंबूस वास यायला लागला. सुनितानं हळद लावली, कडुनिंबाचा पाला उकळून त्यानं धुतलं, शेजारच्या सोजराबाईनं सांगितलं म्हणून करंजाचं तेल चोळलं. धड, धड काही थांबेना.

एका शनिवारी अंगणवाडी लवकर बंद करून, सासऱ्याजवळ सोजराबाईला बसवून, तिनं टायगरच्या गळ्यात दावं घातलं आणि तीन किलोमीटर चालत त्याला औंढ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मुबश्शीर नवीनच आले होते, तरणे. म्हशीच्या पोटात हात घालून नुकतेच मोकळे झालेले. हात धुता धुता त्यांनी टायगरकडं बघितलं, कान उलटून बघितले, पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली.

"खायला काय देता?"

"सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी भाकरी-दूध. सांजच्याला खिचडी नायतर भाकरी-वरण. आन मामा, म्हंजे माझे सासरे, मधी मधी त्यांच्या ताटातलं देत्यात. गूळ-बीळ."

"बाई, हे कुत्रं आहे का सोयरा?" डॉक्टर हसले. मग जंताची गोळी दिली, कानात टाकायचं औषध दिलं, एक सुई टोचली आणि म्हणाले, "हे तात्पुरतं आहे. याच्या आधी असंच एक कुत्रं बघितलंय मी. त्याला धान्य सोसत नव्हतं. सगळ्यांना बाधतं असं नाही, पण याला बाधत असावं. माझा एक दोस्त पुण्याला कुत्री शिकवतो, तो तर धान्य देतच नाही. कच्चं देतो."

"कच्चं म्हंजे?"

"मांस. न शिजवता. कोंबडीची मान, पाय, बकऱ्याची वजडी, थोडी कलेजी, मऊ हाडं. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. शिजवलेलं हाड मात्र चुकूनही द्यायचं नाही, त्याचे तुकडे आतड्यात घुसतात. आज उपास घडवा, उद्यापासून पाऊण किलोपर्यंत सुरू करा. भाकरी बंद. दूध, बिस्कीट, गूळ, सगळं बंद. दोन-तीन महिने करून बघा."

"गुण येईल का?"

"खात्री देत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण भाकरीनं वाटोळं होऊन राहिलंय, एवढं मात्र दिसतंय."

सुनिता दावं धरून नुसतीच उभी राहिली. कुत्र्याचं नशीब काय होतं ते होतं. तिच्या मनात हिशेब चालला होता वेळेचा. रोज तीन किलोमीटर जाणं, तीन किलोमीटर येणं. आणि दुसरं म्हणजे, तिनं आयुष्यात मांसाला हात लावला नव्हता. तिचे वडील हिंगोलीत भजनी मंडळात होते, त्यांच्या घरात अंडंसुद्धा आलं नाही. इथं सासरी सासू जिवंत होती तोवर आयतवारी अंगणात वेगळी चूल पेटायची, आणि रूपाबाई कधी सुनेला म्हणाली नाही की ये, हात लाव. रूपाबाई गेली आणि ती चूलही गेली.

तरी दुसऱ्या दिवशी ती औंढ्यात जमीलच्या मटणाच्या दुकानापुढं उभी राहिली. पदर नाकाला लावून, हातात झाकणाचा डबा घेऊन. जमील खाटीक ठोकळ्यावर पाय तोडत होता. त्याची बायको मदीनाबी बाजूला बसून वजडी धूत होती. सुनितानं काय पाहिजे ते सांगितलं, तशी मदीनाबीनं मान वर केली.

"कुत्र्याला? आन डाक्टरनं लिहून दिलं?" ती मोठ्यानं हसली. "अगं माय, माझ्या दारापुढची चार कुत्री हेच खाऊन मोठी झाली. त्यांना कुणी चिठ्ठी न्हाई दिली." मग सुनिताचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. "तुला हात लावू वाटंना व्हय? आण तो डबा. मीच भरून देते. रोज दुपारच्याला ये, बाजूला काढून ठेवीन. ताजंच देईन, बासं देणार न्हाई."

डबा मदीनाबीनंच भरला, झाकणही तिनंच लावलं. घरी आल्यावर सुनितानं झाकण उघडून, मान फिरवून, डबा परातीत उपडा केला. टायगरला तिनं आता अंगणात कडुनिंबाला बांधलं होतं, म्हाताऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. आत जाऊन सासऱ्यालाही सांगितलं, "मामा, टायगरला आता भाकरी बंद. डाक्टरनं सांगितलंय. एक घास बी द्यायचा न्हाई."

रामसिंगनं ऐकलं. 

टायगर परातीजवळ आला. वास घेतला. कोंबडीच्या मानेला नाक लावलं आणि कुणी चटका दिल्यासारखा मागं सरला. मग खाली बसला आणि सुनिताच्या तोंडाकडं बघत राहिला. भाकरी कुठंय, असंच जणू विचारत होता. अर्ध्या तासानं तिनं परात उचलली आणि सगळं तांड्यामागं नेऊन टाकलं. धन्याविना राहिलेल्या कुत्र्यांनी क्षणात फस्त केलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. टायगर पाणी प्यायचा, पाय चाटायचा, आणि दावं ताणून दाराकडं तोंड करून कण्हायचा. सोजराबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "पोरी, कच्चं मटण चारून ऱ्हायलीस, रगताची चव लागली की उद्या अंगावर येईल बघ."

"ते परातीवर येईना, अंगावर कवा येणार मावशी," सुनिता म्हणाली आणि हंडा घेऊन पाण्याला गेली.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणवाडीला जायच्या आधी ती सासऱ्याचं ताट उचलायला गेली. ताट भरलेलं होतं. दुधात कुस्करलेली भाकरी, वर साय धरलेली. कालचं ताटही असंच भरलेलं निघालं होतं. तेव्हा तिला वाटलं, कुत्र्यासाठी रुसून बसलाय म्हातारा. परवाचंही भरलेलंच होतं. आणि ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

इतके दिवस ताट कसं लख्ख असायचं. चाटून पुसून. कितीदा तिच्या मनात आलं होतं, चला, निदान जेवतोय तरी बरा. भावसिंग गेल्यापासून म्हातारा मात्र वाळत चालला होता. हातातलं कडं कोपरापर्यंत जायला लागलं होतं. तिला वाटायचं, दुखणंच तसं आहे. आणि टायगर फुगत चालला होता.

तिनं ताट खाली ठेवलं.

"मामा, तुमी कवापासून जेवत न्हाई?"

रामसिंगनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"इकडं बघा. सगळं टायगरला देत होता, व्हय का न्हाई? बाजेखालून."

रामसिंगनं डोळे मिटून घेतले.

"काहून? माझ्या हातचं गोड लागंना का? तसं सांगायचं. सोजरामावशीकडून करून आणलं असतं."

 अंगणवाडीपुढं दोन-चार लेकरं जमल्याचा गलका ऐकू यायला लागला. मग रामसिंगनं डावा हात उचलला आणि बाजेखाली बोट दाखवलं. तिथं त्याचं भांडं होतं.

"खाल्लं," तो म्हणाला. शब्द ओढत ओढत यायचा. "खाल्लं... की... तुलाच... उचलावं लागतं."

सुनिता बाजेजवळ खालीच बसली. तिला रडू यायला पाहिजे होतं. ते आलं नाही. आधी लाज आली, की आपण खिडकीकडं बघत होतो ते यानं बघितलं होतं. आणि लाजेमागोमाग आला राग. 

"मामा, तुमाला वाटलं माझं काम कमी करून राहिलो," ती म्हणाली. "काम न्हाई कमी केलं तुमी. तुमी स्वतः वाळला आन त्या मुक्या जनावराला सडवलं. आधी एक दुखणेकरी होता घरात, आता दोन झाले. त्याच्यापायी मी रोज औंढ्याला खेटे घालून राहिले. पाय बघा माझे." आणि तिनं खरंच पाय पुढं केले. टाचांना भेगा पडून रक्त साकळलेलं होतं. सासऱ्यापुढं तिनं पाय पुढं केले हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

रामसिंगनं पाय बघितले. 

त्या दुपारी औंढ्याहून परत आल्यावर सुनितानं डबा परातीत उपडा केला नाही. ती डबा घेऊन सरळ आत आली. स्वयंपाकघरातली विळी आणली आणि दोन्ही बाजेजवळ ठेवलं.

"हे घ्या. ह्याला मी हात लावू शकत न्हाई, आन ते एवढाले तुकडे बघून ते जनावर भितं. बारीक करून लागतंय. बाकी सगळं करून राहिले मी, पर हे माझ्याच्यानं होणार न्हाई. तुमीच करा. तुमचं कुत्रं हाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग उजव्या, मेलेल्या हाताकडं बघितलं.

"डावा हाय की," सुनिता म्हणाली.

तिनं त्याला काखेतून धरलं, बाजेवरून खाली उतरवलं, भिंतीला टेकवून बसवलं. वर्षभरात म्हातारा पहिल्यांदा जमिनीवर बसला. विळी त्यानं डाव्या पायाखाली घेतली, मांडी हलवून हलवून पाट बरोबर बसवला. डाव्या हातानं डब्यातून मान काढली आणि पात्यावर दाबली. मान सटकली आणि लांब जाऊन पडली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा अर्धी कापली गेली आणि लोंबत राहिली. रामसिंगच्या कपाळावर घाम आला. पातं त्याच्या अंगठ्याच्या अगदी जवळून गेलं तशी सुनिता ओरडली, "थांबा, थांबा! बोट कापाल!"

"दुसरं टोक," तो म्हणाला. "धर."

"मी?"

"धर."

तिनं डोळे मिटले. आईवडलांची आठवण झाली, भजनी मंडळाची पेटी आठवली. मग तिनं पदराचं टोक बोटांना गुंडाळलं आणि लोंबणारं टोक धरलं. गार, बुळबुळीत. पातं फिरलं, तुकडा पडला.

"पुढं," रामसिंग म्हणाला.

तुकड्यामागून तुकडा पडत गेला. चौथ्या-पाचव्या तुकड्याला पदर बोटांवरून निसटला आणि तिनं तो परत गुंडाळला नाही. वजडी कापताना म्हातारा ज्या बेतानं पात्याला टोक लावायचा, ते बघून तिच्या लक्षात आलं की याचा उजवा हात गेला, पण हाताला जे ठाऊक होतं ते गेलं नाही. सारे तुकडे एका मापाचे. कलेजी मात्र त्यानं वेगळी काढून ठेवली, अगदी नखाएवढी.

टायगरला सोडून आत आणलं. तो धावत येऊन रामसिंगच्या मांडीवर तोंड टाकून कण्हायला लागला. रामसिंगनं कलेजीचा तुकडा तळहातावर धरला. टायगरनं वास घेतला, मान फिरवली. रामसिंग तसाच हात धरून बसला.  सुनिता मोरीत हात धूत होती, तीनदा साबण लावून. ती परत आली तेव्हा तळहात रिकामा होता आणि कुत्रं त्याची बोटं चाटत होतं. मग दुसरा तुकडा गेला, मग तिसरा. सगळ्या परातीतलं पावशेर खाल्लं असेल. बाकीचं राहिलं.

"आता तुमचं," सुनिता म्हणाली आणि भाकरी-दुधाचं ताट पुढं ठेवलं. "हितून पुढं असंच. तुमचं ताट रिकामं झालं तर त्याची परात. न्हाईतर दोघं बी उपाशी."

असं सुरू झालं. आणि व्हायचं तेच झालं: म्हातारा जेवायला लागला, आणि सुनिताचं काम वाढलं. भांडं दिवसातून दोनदा, कधी तीनदा उचलावं लागायचं. त्यात रोजची दुपारची औंढ्याची फेरी. कधी काळी-पिवळी जीप मिळायची, कधी नाही. सोजराबाई तिला म्हणाली, "तू वाळून राहिलीस आता." सुनिता म्हणाली, "आमच्या घरात एकजण वाळायलाच लागतंय, मावशी." आणि दोघीही हसल्या; सुनिताला हसतानासुद्धा दम लागला.

मध्येच एकदा घात झाला. संक्रांतीच्या सुमाराला दोन दिवस आभाळ भरून उकाडा झाला. त्यातल्या एका दिवशी सुनिताला परतायला उशीर झाला आणि डबा उकाड्यात राहिला. वास आलेला तिच्या ध्यानात आला नाही. मांसाचा चांगला वास कोणता आणि वाईट कोणता हे तिला कुठून कळणार. रामसिंगनं नाक वाकडं केलं, पण त्यालाही वाटलं, पोरगी पायपीट करून आली, आता काय सांगायचं. टायगरनं खाल्लं आणि अंगणभर ओकला. दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. सुनिता टोपलीत बसवावं तसं त्याला जीपमध्ये घालून डॉक्टर मुबश्शीरांकडं घेऊन गेली. त्यांनी सुया दिल्या, सलाईन लावलं आणि तिला बाकावर बसवून चहा पाजला.

"तुम्ही किती वाजता उठता?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"आणि निजता?"

तिला ते आठवेना. डॉक्टरनी परत विचारलं नाही.

घरी येऊन तिनं सासऱ्याला तेवढंच सांगितलं, "मामा, मला वास कळत न्हाई. तुमाला कळतो. खराब असलं तर सांगायचं. मी दमून आले म्हणून गप बसायचं न्हाई. गप बसून लई झालं ह्या घरात." रामसिंगनं मान हलवली. तेव्हापासून डबा उघडला की तो आधी त्याच्या नाकाला लागायचा, आणि तो "बराबर" म्हणाला तरच विळी निघायची. दोनदा तो "न्हाई" म्हणाला. दोन्ही वेळा सुनिता सगळं उचलून तांड्यामागं टाकून आली. त्या दिवशी टायगरचा उपास.

एकदा विळी आवरताना रामसिंगनं मटणाचा एक चांगला तुकडा बाजूला सारला आणि तिच्याकडं बघितलं.

"हा कुणाला?"

तो खाली बघत म्हणाला, "कुत्र्याचं... नशीब."

सुनिताला समजायला वेळ लागला. रूपाबाई गेल्यापासून या माणसाच्या तोंडात मांसाचा घास गेला नव्हता, आणि तो रोज मापात कापून कुत्र्याला घालत होता. तिनं तुकडा वाटीत घेतला, सोजराबाईकडं गेली आणि म्हणाली, "मावशी, एवढं मऊ शिजवून द्या. तिखट कमी." त्या दिवशी ताट संपवायला सांगावं लागलं नाही.

माघ लागता लागता टायगरच्या पाठीवर बारीक लव दिसली, आधी राखाडी, मग काळी. कान सुकले. दाराच्या पत्र्यावरची धडधड कमी होत गेली आणि एके दिवशी सुनिताच्या ध्यानात आलं की ती कधीची थांबलीच आहे. पोटावरचा एक चट्टा मात्र गेला नाही. डॉक्टर म्हणाले, राहील तो, दुर्लक्ष करा.

होळीला ट्रक परत आले. भावसिंग काळा होऊन, हाताला पट्टी बांधून आला. तळव्यात पाचट घुसून सुजलं होतं. तो दारातून आत आला, चुलता जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला बघून तिथंच थबकला आणि मग पाया पडला. पण त्याचा हात बरा होईपर्यंत काम सुनिताकडंच राहिलं.

चैत्रात देविदास महिन्याच्या रजेवर आला. टायगरला बघून खूश झाला, बापाला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई केलंस तू," तो सुनिताला म्हणाला. ती चुलीपुढं बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. जेवताना तो म्हणाला, "हट्ट्याला माझ्याबरोबरचा रणजीत हाय, त्याच्या शेतावर कुत्रं पाहिजे. टायगरला देऊन टाकू. आता उन्हाळा, मांस टिकायचं न्हाई. तेवढंच तुझं वझं कमी."

बाजेवर रामसिंगचा घास हातात राहिला.

"टायगर कुठंच जाणार न्हाई," सुनिता म्हणाली. "मदीनाबी सकाळी सातलाच डबा भरून देते म्हणाली. आन खाणारा कमी झाला म्हणून काम कमी होत न्हाई, हे मी बघितलंय."

"मग कसं कमी होतं?"

"दुसऱ्यानं केलं की." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आवाज चढवला नाही; चढवायचा तर त्यालाही बळ लागतं. "तुमी महिनाभर हाय. उद्यापासून मामाचं तुमी बघा. धुणं, आंघोळ, भांडं. आन सातला औंढ्याला डबा घेऊन जायचं ते बी तुमीच."

देविदासनं बापाकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. "मला जमंल का गं? मी कवा केलं न्हाई असलं."

"मला तरी कुठं जमत होतं?"

 रामसिंगनं घास तोंडात घातला आणि चावू लागला.

दुसऱ्या दिवशी आयतवार होता, अंगणवाडी नव्हती. सुनिता चारला जागी झाली, सवयीनं. मग आठवलं. देविदास उठला, मोरीत बादली आदळली, बापाला काहीतरी विचारलं, बाप काहीतरी म्हणाला. "असं? असं धरू?" देविदासचा आवाज घाबरल्यासारखा येत होता. ती ऐकत पडून राहिली आणि ऐकता ऐकताच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं दारातून आत येऊन परतही गेली होती. अंगणातून विळीचा आवाज येत होता आणि रामसिंग मुलाला सांगत होता, "बारीक... बारीक." हात, पाय, पाठ, तिचं सगळं अंग ठणकत होतं. झोपून थकवा जातो म्हणतात. तिचा गेला नव्हता, उलट आताच कुठं तो किती आहे ते कळायला लागलं होतं. दुपार झाली असेल, उठावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, काहून? आणि ती भिंतीकडं तोंड करून परत झोपली.